डिझाइन कळत नसलं तरी तारखा वाचता येतात

पत्र:

मी सनदी लेखापाल आहे. चाकणच्या एका ॲल्युमिनियम डायकास्टिंग (वितळलेला धातू 'डाय' म्हणजे साच्यात दाबून पार्ट बनवणाऱ्या) कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षण पाहते. आजवर खरेदी, स्टॉक, पगार, जीएसटी एवढंच केलं. यंदा ऑडिट कमिटीनं 'नवीन उत्पादन विकास' हा विषय दिलाय आणि तीन आठवड्यांत अहवाल मागितलाय. डेव्हलपमेंटचे प्रमुख म्हणाले, "मॅडम, ड्रॉइंग ग्राहकाचं असतं, आपण फक्त पार्ट बनवतो. यात तुम्ही काय तपासणार?" फायली चाळताना तीन वेगळ्या प्रोजेक्टच्या एफएमईएवर (कुठे काय बिघडू शकतं याचा आधीच विचार करून भरायचा तक्ता) एकच तारीख दिसली. ती प्रमाणपत्राच्या ऑडिटच्या आदल्या दिवसाची आहे. हे लिहावं का, आणि लिहायचं तर कसं? मुळात सुरुवात कुठून करू?

— एक वाचक, पुणे

उत्तर:

ती तारीख तुमच्या नजरेला पडली, म्हणजे हे काम तुम्हाला जमणार आहे. पार्टच्या भिंतीची जाडी बरोबर आहे की चूक, हे तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. तुम्ही पाहायचं ते एवढंच: निर्णय कोणी घेतला, कधी घेतला, कशाच्या आधारावर घेतला, आणि तो आधार त्या दिवशी त्यांच्या हातात होता का. यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. खरेदीच्या ऑडिटमध्ये तुम्ही हेच करत आला आहात.

आधी 'ड्रॉइंग ग्राहकाचं' या मुद्द्याचं पाहू. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या कंपनीकडे बहुधा आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक) चं प्रमाणपत्र असतं. त्यात उत्पादनाचं डिझाइन ग्राहकाकडे असेल तर तेवढा भाग कारण नोंदवून वगळता येतो. उत्पादन प्रक्रियेचं डिझाइन मात्र वगळता येत नाही. डायमध्ये धातू कुठून शिरणार, हवा कुठून बाहेर पडणार, मशिनिंगला किती मटेरियल राखायचं, लीक टेस्ट कोणत्या दाबावर, फिक्श्चर कसं, हे सगळं तुमची कंपनी ठरवते, आणि विकासातला पैसाही तिथेच अडकतो. प्रमुखांना हे शांतपणे, कलम दाखवून सांगा. वाद तिथेच संपेल. त्याच मानकानुसार व्यवस्थापन प्रणाली, उत्पादन प्रक्रिया आणि उत्पादन असे तीन प्रकारचे अंतर्गत ऑडिट क्यूए (गुणवत्ता) विभाग करत असतो. त्यांचे मागच्या दोन वर्षांचे अहवाल पहिल्याच दिवशी मागून घ्या. जे त्यांनी नीट तपासलंय ते पुन्हा तपासण्यात तुमचे तीन आठवडे घालवू नका.

सुरुवात कार्यपद्धतीच्या फाइलपासून करू नका. ती फाइल सगळ्याच कंपन्यांत सुंदर असते. चार पार्ट निवडा: वर्षभर सुरळीत चाललेला एक, ग्राहकाकडून तक्रार आलेला एक, सध्या विकासात असलेला एक आणि मध्येच बंद पडलेला एक. या चौथ्याला कधीही सोडू नका. बंद पडलेल्या प्रोजेक्टची फाइल नंतर कोणी नीटनेटकी करत बसत नाही, त्यामुळे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते तिथे जसंच्या तसं सापडतं.

प्रत्येक पार्टसाठी एका कागदावर तारखा मांडा. चौकशी आली, 'आपल्याला जमेल' म्हणून व्यवहार्यतेवर सह्या झाल्या, कोटेशन गेलं, ऑर्डर आली, डायचं डिझाइन गोठवलं, डायची पीओ (खरेदीची ऑर्डर) निघाली, प्रोसेस एफएमईएची (उत्पादन प्रक्रियेच्या एफएमईएची) पहिली आवृत्ती झाली, कंट्रोल प्लॅन (उत्पादनात काय, कसं तपासायचं त्याचा आराखडा) झाला, डाय कंपनीच्या गेटवर आली, पहिली ट्रायल, दुसरी ट्रायल, पीपॅपची (ग्राहकाकडून नमुन्यांची मंजुरी घेण्याच्या पद्धतीतली) ट्रायल, ग्राहकाची मंजुरी, पहिलं बिल. महत्त्वाची अट अशी की यातली कुठलीही तारीख शक्यतो डेव्हलपमेंटच्या फायलीतून घेऊ नका. पीओ ईआरपीतून (कंपनीच्या संगणकीय नोंदींतून) घ्या, डाय आल्याची नोंद सिक्युरिटीच्या गेट रजिस्टरमधून, ट्रायलची तारीख मशीनच्या लॉगबुकमधून आणि स्टोअरच्या इश्यू स्लिपवरून, नमुने गेल्याची तारीख डिलिव्हरी चलनावरून. मग फायलीतल्या तारखा शेजारी लिहा. दोन रांगा जुळत नाहीत तिथे खूण करा. पहिल्या आठवड्याचं काम एवढंच, आणि ते घाई न करता करा.

आता काय सापडण्याची शक्यता आहे ते सांगतो. सगळ्यात नेहमीची गोष्ट म्हणजे व्यवहार्यतेवर सह्या होण्याआधीच डायची पीओ निघालेली असते. कारण उघड आहे. गाडी बाजारात आणायची तारीख ग्राहकानं ठरवलेली असते, डाय बनायला महिने लागतात, आणि सह्यांसाठी कोणी थांबायला तयार नसतं. अशी जोखीम कधीकधी घ्यावीही लागते. पण मग ती कोणी घेतली, किती रुपयांपर्यंत घेतली आणि डाय वाया गेली तर कोण भरणार, हे त्या दिवशी लिहिलेलं हवं. तसा कागद असेल तर तो निर्णय आहे. नसेल तर ते नुसतं घडलंय.

दुसरी गोष्ट, प्रोसेस एफएमईए डाय बनल्यानंतर केलेला असतो. यानं नेमकं काय बिघडतं ते समजून घ्या, कारण प्रमुख म्हणतील की कागद मागेपुढे झाले, त्यात काय एवढं. डायमधल्या गेटची (धातू शिरण्याची वाट) किंवा व्हेंटची (हवा निघण्याची वाट) जागा संगणकावर हलवायला एक दुपार पुरते. डायचं एच-१३ पोलाद कापून, हार्डनिंग करून झालं की तोच बदल वेल्डिंग करून करावा लागतो. वेल्डिंगच्या जागी पुढे तडे जाण्याची भीती राहते, डायचं आयुष्य घटतं आणि ट्रायल पुढे ढकलली जाते. कुठे काय बिघडू शकतं याचा विचार पोलाद कापण्याआधी करायचा असतो, एफएमईए त्यासाठीच आहे. नंतर भरलेला तक्ता त्या डायच्या काही कामाचा नाही.

आता त्या तक्त्यातली एक ओळ जवळून पाहू, म्हणजे तुम्हाला कुठलीही ओळ तपासता येईल. समजा पार्ट वॉटर पंपची हाउसिंग आहे. बिघाड: सीलिंगच्या पृष्ठभागावर पोरॉसिटी (धातूतली बारीक छिद्रं), म्हणून गळती. परिणामाची तीव्रता ८, घडण्याची शक्यता ३, पकडण्याची क्षमता ४ (तिन्हींत आकडा जितका मोठा तितकं वाईट). गुणाकार ९६. बऱ्याच कंपन्यांनी '१०० च्या वर गेलं तर कृती करायची' असा नियम करून ठेवलेला असतो, आणि ९६ वर कृती लागत नाही. आता शक्यतेचा '३' याचा अर्थ एफएमईएच्या पुस्तिकेत दिलेला आहे: साधारण १,००,००० पार्टमध्ये एक. मग तुम्ही क्यूएचं रिजेक्शन रजिस्टर उघडायचं. तशाच आधीच्या हाउसिंगचे वर्षात ४०,००० पार्ट झाले आणि लीक टेस्टला ८८ नापास झाले असतील, तर हे प्रमाण हजारात दोनाहून थोडं जास्त आहे. हजारात दोनचा आकडा पुस्तिकेप्रमाणे ६ आहे. ८ गुणिले ६ गुणिले ४ म्हणजे १९२. डायकास्टिंगचं काहीही माहीत नसताना, दोन कागद शेजारी ठेवून, तुम्ही एक खरीखुरी जोखीम दाखवून दिलीत.

हा पडताळा प्रत्येक प्रोजेक्टमधल्या सर्वाधिक तीव्रतेच्या दहा ओळींना लावा. शिवाय सगळे गुणाकार चढत्या क्रमानं लावून पाहा. ८४, ९०, ९६ वर गर्दी आणि १०० च्या पुढे एकही नाही, असं दिसलं तर आकडे उत्तर आधी ठरवून भरलेत असा दाट संशय घ्यायला जागा आहे. २०१९ साली अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योगाची जी संयुक्त एफएमईए पुस्तिका आली, तिनं गुणाकार बाजूला सारून 'कृतीचा अग्रक्रम' उच्च, मध्यम, कमी असा ठरवायला सुरुवात केली, त्यामागे हेच एक मोठं दुखणं होतं. नव्या तक्त्यात ८-३-४ 'कमी' मध्ये बसतं आणि ८-६-४ 'उच्च' मध्ये. म्हणजे पद्धत नवी असो की जुनी, शक्यतेचा आकडा खोटा असेल तर दोन्ही फसतात. म्हणून तुमचा भर त्या आकड्याच्या पुराव्यावर असू द्या.

तुम्हाला सापडलेल्या त्या एकाच तारखेबद्दल. ती अहवालात जरूर लिहा, पण 'मागची तारीख टाकली' किंवा 'बनावट' हे शब्द वापरू नका. ते तुम्ही सिद्ध केलेलं नाही. आवृत्ती सुधारताना सगळ्या फायलींवर एकाच दिवशी तारीख पडणं शक्य असतं. म्हणून आधी तीन गोष्टी मागा: मूळ एक्सेल फाइल (ती कधी तयार झाली ते तिच्या गुणधर्मांत दिसतं, पण फाइल कॉपी केली की ही तारीख बदलू शकते, म्हणून सर्व्हरवरची मूळ प्रत घ्या), आधीच्या आवृत्त्या, आणि ज्या बैठकीत एफएमईए झाला तिची हजेरी. एफएमईए हे उत्पादन, क्यूए, मेंटेनन्स, टूलरूम अशा सगळ्यांनी बसून करायचं काम आहे. हजेरीत नाव असलेला टूलरूमचा माणूस त्या दिवशी रजेवर असेल तर ते तुमच्या पगाराच्या नोंदीत आहेच. मग नोंद अशी लिहा: 'तीन प्रोजेक्टच्या एफएमईएवर अमुक तारीख आहे. त्या तारखेला तिन्ही डाय आधीच ट्रायलला लागल्या होत्या. मशीन लॉगच्या तारखा सोबत. त्यापूर्वीची आवृत्ती मागितली, मिळाली नाही.' यात आरोप नाही. वाचणारा समजायचं ते समजेल.

पीपॅपच्या ट्रायलकडे वळू. नमुन्यांची मंजुरी घेण्याच्या या पद्धतीत ग्राहकानं वेगळं ठरवलं नसेल तर ट्रायल एक ते आठ तासांची आणि सलग किमान ३०० पार्टची हवी; तीही प्रत्यक्ष उत्पादनाच्याच जागी, त्याच डायवर, त्याच वेगानं, नेहमीच्या ऑपरेटरकडून. प्रत्यक्षात पुष्कळदा टूलरूमचा सर्वात हुशार माणूस मशीनवर उभा करतात, तीन दिवस थोडेथोडे पार्ट काढतात आणि त्यातले चांगले निवडून पाठवतात. मंजुरी मिळते. पुढे रात्रपाळीत तोच पार्ट चालत नाही आणि सगळ्यांना आश्चर्य वाटतं.

हे पकडायला साधं गणित पुरतं. सायकल टाइम (एक पार्ट निघायला लागणारा वेळ) ७५ सेकंद असेल तर ३०० पार्टला २२,५०० सेकंद, म्हणजे सव्वासहा तास लागतात. लॉगबुकवर किती दिसतात? मशीनच्या शॉट काउंटरचा (डायमध्ये किती वेळा धातू भरला ते मोजणारा) ट्रायलआधीचा आणि नंतरचा आकडा काय? फरक ३०० च्या आसपास, सुरुवातीचे गरम होण्याचे शॉट धरून थोडा जास्त असायला हवा. फरक ७०० असेल तर उरलेले ४०० पार्ट गेले कुठे, हा प्रश्न विचाराच. धातूच्या इश्यू स्लिपवर मात्र एकटीवर विसंबू नका. भट्टीत आधीचा धातू असतो आणि रनर (पार्टला जोडून राहिलेला जादा धातू) पुन्हा वितळवतात, म्हणून वजनाचा हिशेब कधीच तंतोतंत जुळत नाही.

त्याच फायलीत क्षमतेचा अभ्यास (प्रक्रिया मापं ठरलेल्या मर्यादेत किती सहज ठेवते ते) असतो. १०० मापं, २५ गटांत, आणि निर्देशांक १.६७ च्या वर हवा. १.३३ ते १.६७ च्या मध्ये असेल तर ग्राहकाशी बोलावं लागतं, १.३३ च्या खाली चालत नाही. पण त्याच्याही आधी मोजमाप पाहा. गेजचा (मोजायच्या साधनाचा) अभ्यास साधारणपणे १० पार्ट, ३ माणसं, प्रत्येकी ३ वेळा असा करतात, म्हणजे ९० मापं. चूक १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगला. ३० च्या वर असेल तर त्या गेजनं घेतलेल्या मापांवर विश्वास ठेवता येत नाही, मग १.६७ चं काय करायचं? दोन्ही कागदांवर गेजचा नंबर एकच आहे का पाहा. गेजचा अभ्यास एका गेजवर आणि मापं दुसऱ्यावर, हे वाटतं त्याहून अधिक वेळा आढळतं. कॅलिब्रेशनची मुदतही तिथेच तपासून टाका.

माझ्या मते मात्र सगळ्यात घातक जागा याच्याही पुढे आहे. मंजुरी मिळाल्यानंतर केलेला छोटा बदल.

जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण यासाठी तुमच्या ऑडिट कमिटीला जरूर सांगा. ठरलेल्यापेक्षा कमी जोर लागला तरी स्विच फिरत होता. जड किल्ल्या किंवा धक्का यांनी तो 'रन' वरून सरकायचा, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडत नसत. २००६ मध्ये स्विचचा आतला भाग बदलून तो घट्ट केला गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं कंपनीतल्याच तपासणाऱ्यांना कळेना की जुन्या गाड्यांत त्रास का आहे आणि नव्यांत का नाही. फरक उलगडला तो एका अपघाताच्या दाव्यात नेमलेल्या तज्ज्ञानं दोन स्विच शेजारीशेजारी ठेवून पाहिल्यावर. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. भरपाई निधीनं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. इथे बदल चांगल्यासाठी होता, हे लक्षात घ्या. नोंद नव्हती, एवढंच.

तुमच्याकडे हे तपासायचं तर मागच्या बारा महिन्यांतले २० बदल घ्या. प्रत्येकासाठी विचारा: ड्रॉइंगची आवृत्ती वाढली का, एफएमईए आणि कंट्रोल प्लॅन त्याच आठवड्यात सुधारले का, ग्राहकाला कळवून त्याची मंजुरी आली का, आणि जुन्या आवृत्तीचा स्टॉक किती होता व त्याचं काय केलं. हा शेवटचा प्रश्न तुमच्याइतका चांगला कोणीही विचारू शकणार नाही. मग शॉप फ्लोअरवर जा. मशीनवर प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये लावलेली वर्क इन्स्ट्रक्शन वाचा. तिच्यावर आवृत्ती 'सी' आहे आणि ईआरपीत 'ई' आहे का? पाऊचवर पेननं लिहिलेलं एखादं माप आहे का? पेननं लिहिलेलं माप दिसलं की फोटो घ्या (आधी परवानगी घेऊन) आणि ते कोणी, का लिहिलं ते ऑपरेटरला प्रेमानं विचारा. अनेकदा खरा बदल तिथेच असतो आणि तो करणारा माणूस बरोबरही असतो. २० बदल फायलीत आहेत. फायलीत कधीच न आलेले बदल सापडतात ते असे.

पैशाची बाजू तुम्हाला शिकवायला नको, फक्त दोन जागा दाखवतो. एक म्हणजे डायची वसुली. ४८ लाखांची डाय २,००,००० पार्टवर, पार्टमागे २४ रुपये अशी वसूल करायची ठरली आणि गाडीचं मॉडेल १,१०,००० पार्टवर बंद झालं, तर २१ लाख ६० हजार रुपये राहिले. ते कोण देणार, हे ऑर्डरमध्ये लिहिलंय का? तोंडी आश्वासन असेल तर खरेदी करणारा माणूस बदलला की ते संपतं. दुसरी, विकासाचा खर्च मालमत्ता म्हणून धरला असेल तर लेखा मानक इंड एएस ३८ किंवा तुमच्याकडे लागू असेल त्याप्रमाणे एएस २६ मधल्या सहाही अटी कोणत्या तारखेला पूर्ण झाल्या ते पाहा. त्यात तांत्रिक व्यवहार्यता आहे. तुमच्या तारखांच्या कागदावर व्यवहार्यतेची सही जूनची आणि खर्च मालमत्तेत धरायला सुरुवात एप्रिलपासून, असं असेल तर हा मुद्दा थेट ताळेबंदाला लागतो.

गेटच्या बैठकांबद्दल, म्हणजे विकासाचा एक टप्पा तपासून पुढच्या टप्प्याला मंजुरी देणाऱ्या बैठकांबद्दल, थोडक्यात. मागच्या तीन वर्षांत गेटवर एकही प्रोजेक्ट थांबला किंवा परत पाठवला गेला नसेल तर ती बैठक निर्णयाची नाही. 'सशर्त मंजुरी' देऊन पुढे सोडलेले मुद्दे मोजा, आणि प्रत्येकाची मुदत किती वेळा वाढवली तेही मोजा. सही करणाऱ्यांपैकी क्यूए प्रमुखांना 'नाही' म्हणण्याचा अधिकार कागदावर आहे का, आणि त्यांचं वार्षिक मूल्यमापन डेव्हलपमेंट वेळेत संपवण्यावर तर अवलंबून नाही ना, हे एचआरकडून जाणून घ्या.

तांत्रिक मदत लागेल तिथे संकोच करू नका. कंपनीच्या दुसऱ्या प्लांटमधला क्यूएचा अनुभवी माणूस किंवा निवृत्त झालेला डायकास्टिंगचा जाणकार तीन-चार दिवसांसाठी सोबत घ्या. त्याचा ज्या प्रोजेक्टशी संबंध आला होता तो मात्र त्याला देऊ नका. दुसऱ्या आठवड्यात तो एफएमईए आणि ट्रायल पाहील, तुम्ही बदल आणि पैसा. तिसऱ्या आठवड्यात पहिले दोन दिवस फक्त प्रमुखांसोबत प्रत्येक नोंद वाचण्यात घालवा. तथ्य चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करा. तथ्य बरोबर आणि मत वेगळं असेल तर त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत छापा.

अहवालात 'कार्यपद्धती पाळली नाही' असं वाक्य एकदाही येऊ देऊ नका. त्याऐवजी काय घडलं, कोणत्या तारखेला, त्यानं किती रुपये किंवा किती दिवस गेले किंवा जाऊ शकतात, आणि असं का घडलं ते लिहा. 'का' शोधताना माणसापाशी थांबू नका. कोटेशन देताना विकासाचा वेळच कमी धरला जातो का, एकेका इंजिनिअरकडे एका वेळी किती प्रोजेक्ट आहेत, हे विचारा. एका माणसाकडे अकरा प्रोजेक्ट असतील तर त्याचा एफएमईए ऑडिटच्या आदल्या दिवशीच होणार, मग तुम्ही कितीही नोंदी लिहा.

आणि सध्या विकासात असलेला जो पार्ट तुम्ही निवडाल, त्याची डाय अजून कापायची असेल तर त्याचा एफएमईए अहवालाची वाट न पाहता याच आठवड्यात बघायला सांगा.